बंपरवरचं सॉकेट

हेमराजचा डावा डोळा गेला तो दुसऱ्याच्या अडाणीपणामुळे. बैहरच्या घाटात बंद पडलेल्या जीपला एका ड्रायव्हरने दुसऱ्या जीपच्या बॅटरीची वायर उलटी लावली. बॅटरी फुटली आणि मदतीला वाकलेल्या हेमराजच्या तोंडावर तेजाब उडालं. ड्रायव्हरला साधं खरचटलंसुद्धा नाही. मला त्या माणसाचा अजून राग येतो, हेमराजला कधी आला नाही. बालाघाटात बैहर रोडवर माझं सीटकव्हरचं दुकान, शेजारी त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं. तो एवढंच म्हणायचा, "आता आनखी कोनाले भाजू द्यायचं नाई."

हे खूळ त्याच्या डोक्यात बसलं आणि माझं डोकं खाऊ लागलं. शेवटी २००१ च्या पावसाळ्यात त्याने नागपूरच्या भंगारातून जाडजूड प्लग-सॉकेटच्या जोड्या आणल्या. प्लग एकाच बाजूने बसायचा, उलटा घालू म्हटलं तरी जात नव्हता. ते दाखवताना स्वारी अशी खूश, की पोरीचं लग्न ठरलंय जणू.

पहिली जीप प्रेमलालची. तो बैहरपलीकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत सवारी न्यायचा. हेमराजने बंपरला सॉकेट पक्कं केलं, बॅटरीपासून जाड केबल सायलेन्सर टाळून पुढे आणली, पत्र्याला घासेल तिथे रबर घातलं. सीटखाली दोन्ही टोकांना प्लग असलेली लांब केबल ठेवली. आता बोनेट उघडायला नको, लाल-काळी वायर ओळखायला नको. दोन जीपा समोरासमोर उभ्या करायच्या, प्लग खोचायचे, स्टार्टर मारायचा. सॉकेटमध्ये करंट मात्र कायम असायचा, म्हणून त्यावर त्याने घट्ट रबरी झाकण बसवलं.

"मधी एखादं बटन देऊन दे ना," मी म्हटलं.

"बटन बिघडते. झाकन काय बिघडन?"

दसरा जवळ येईपर्यंत स्टँडवरच्या बहुतेक जीपांना तसली सॉकेटं लागली होती. एकालाही चटका बसला नाही. हेमराज छाती काढून चालायला लागला, आणि खरं सांगतो, मलाही त्याचं फार कौतुक वाटत होतं.

दसऱ्याला प्रेमलालने जीप धुऊन हेमराजच्या दुकानासमोर उभी केली. त्याची आई विमलाबाई ताट घेऊन पूजेला आली. हेमराज आत सगळ्यांसाठी चहा ओतत होता. एकाएकी अशी किंकाळी आली, की माझ्या हातातली सुई पडली.

बाहेर आलो तर विमलाबाई हात धरून रस्त्यावर बसलेली. झाकण काढलेलं, सॉकेटला हळदीकुंकू लावलेलं. लिंबू-मिरची ज्या तारेत ओवली होती, तिची दोन्ही टोकं तिने सॉकेटच्या दोन भोकांत खोचली होती. तार क्षणात लालभडक होऊन तिच्या बोटांत रुतली होती. जळलेल्या मिरचीचा ठसका आणि जळलेल्या कातडीचा वास. प्रेमलाल नारळ हातात धरून पुतळ्यासारखा उभा. हेमराज दारात आला, नुसता बघत राहिला, आणि चहाची किटली त्याच्या पायावर सांडली तरी त्याला कळलं नाही.

दुसऱ्या जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता सरळ होणार नाहीत. पट्टी बांधून झाल्यावर हेमराजचा बांध फुटला.

"मावशी, झाकन काहून काढलं? ड्रायव्हर पिऊन येईन, अंधारात लावन, पावसात लावन, सारं सोचलं होतं मी. तुमी तार खोचसान हे माया सपनातई आलं नाई! गाडीले बांधाची होती ना लिंबू-मिरची. आरशाले बांधाची, दांडीले बांधाची. त्या सॉकेटातच काहून?"

मलाही तेच विचारायचं होतं, आणि याहून चढ्या आवाजात.

विमलाबाई हळूच म्हणाली, "गाडीची पूजा त दरसाल करतो, बापा. पन प्रेमलाल म्हने, हेमराजभाऊनं असं काई लावलं का आता घाटात कोनाचा जीव जात नाई. म्हनून म्हटलं, यंदा पूजा तुया कामाची करू. त्याले कोनाची नजर नको लागाले."

हेमराज तसाच फरशीवर बसला. नर्सने दोनदा उठायला सांगितलं. त्याला उठताच येईना.