फुगेकाकांचं नाक

हॉस्पिटलमधून फुगेकाका शाळेकडे परत चालले होते. विज्ञानाच्या बाई बरोबर होत्या. काका तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. बाटलीत सोडा आणि व्हिनेगर घालून ते तिच्या तोंडाला फुगा लावत. तो आपोआप फुगला की मुलं नाचत, म्हणून त्यांना हे नाव पडलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच गळाल्या होत्या. काका वासावरूनच बाटली ओळखत.

“मागे ताप आला ना, त्यानंतर नाक गेलं माझं, वासच येत नाही,” काका एकदम म्हणाले. “कुण्णाला बोललो नाही.”

“अहो काका, मला तरी सांगायचं!”

“सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत, बाई. म्हटलं, निभेल.”

निभलं नाही. व्हिनेगर समजून त्यांनी अ‍ॅसिड दिलं आणि सातवीतल्या पोरीचा हात भाजला. डोळे वाचले, ही देवाचीच कृपा. आज हॉस्पिटलमध्ये काकांना बघताच ती पांघरुणात शिरली आणि म्हणाली, “मला नको ते विज्ञान.”

शाळेच्या फाटकाशी काका थांबले.

“उद्यापासून मी येत नाही. पण तिचा हात बरा झाला की तो फुगा तिच्याच हातून फुगवून घ्या, बाई. एवढं माझं ऐका.”