सुंदरमामांचं अर्धं मिनिट

बातमी आली तेव्हा मी अंबत्तूरच्या ऑफिसात होते. फोनवर मामी होत्या. "मामा गेले ग," एवढंच म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत, "त्यांचं ते वरचं मिशिन चालूच आहे. ते कसं बंद करायचं, सांग." मी म्हटलं, बंद करू नका. असं का म्हटलं ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं... मामांनी सकाळी भजनाची एक जुनी टेप कॉम्प्युटरवर उतरवायला लावली होती आणि शेजारच्या बाकावर जरा आडवे झाले होते. ते उठलेच नाहीत. टेप मात्र आपल्या चालीने पुढे सरकत राहिली आणि त्यांच्यामागे पूर्ण झाली.

सुंदरमामा माझे कुणी नव्हते. मी चेन्नईत नोकरीला आले तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने मिळाली, एवढंच नातं. इथे वयाने मोठ्या माणसाला मामा म्हणतात, म्हणून ते मामा. तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच दिवशी माझं साताऱ्याचं मराठी ऐकून म्हणाले, "तुमची भाषा नवी. आमची पेशव्यांच्या आधीची." मी हसले, तर पुढचा तासभर मला माझीच भाषा शिकवत बसले. त्यांच्या बोलण्यात मधूनच तमिळ यायचं, "येताहेत" ला ते "येऊंलालेत" म्हणायचे. माझ्या ऑफिसातल्या पुण्याच्या मुलांना याची फार गंमत वाटे. वाटू दे. तीनशे वर्षं परमुलखात एखादी भाषा घरात जपून ठेवायला काय लागतं, ते त्यांना कुठून माहीत असणार?

त्या घरात दर शनिवारी संध्याकाळी भजन असे. पंधरावीस माणसं, झांजा, पेटी, शेवटी आरती, मग तीर्थ आणि सुंदल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ. घराचा एक नियम होता. आलेला प्रत्येक जण दिव्याला नमस्कार करेपर्यंत कुणी तीर्थाला हात पुढे करायचा नाही. एखादी म्हातारी जिन्यावर अडकली असेल, तर ती वर येऊन हात जोडेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. या भजनाचा पहिला अभंग मामांची मोठी बहीण, अक्का, म्हणायची. ती मुलाकडे अमेरिकेला गेली आणि पहिला अभंग म्हणायला कुणी राहिलं नाही. मामांनी त्याच महिन्यात कॅमेरा आणला, तो कॉम्प्युटरला जोडायचं कार्ड आणलं, आणि भजन इंटरनेटवरून थेट अक्काच्या घरी पोचवायचा चंग बांधला.

मी कॉम्प्युटरवाली म्हणून मला मदतीला बोलावलं खरं, पण मामा कुणाचं ऐकणारे नव्हते. व्हिडिओतलं मला तरी कुठे काय कळत होतं! दोघंही चाचपडत होतो. आधी चित्रात रेघा यायच्या, कुणी टाळी वाजवली की हाताला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसायचे. त्या घालवल्या तर आवाज बिघडला. "झांज वाजते का वडे तळूंलालेत?" मामा कॉम्प्युटरवरच ओरडले. इंटरनेटची लाइन बारीक म्हणून आम्ही आवाज दाबून लहान केला होता, त्यात झांजेचा पार चोथा झाला होता. मामांनी चित्र लहान केलं, काळपट केलं, पण झांजेला तिची जागा मोकळी करून दिली. "तोंड नाही दिसलं तरी चालतं. सगळ्यांची तोंडं अक्काला पाठ आहेत," म्हणाले.

अखेर एका शनिवारी सगळं जमलं. अक्काने तिकडून फोनवर पहिला अभंग म्हटला, फोन पेटीजवळ धरून आम्ही तो ऐकला, आणि पुढचं भजन तिने तिकडे बघितलं. खोलीतल्या बायका डोळे पुसत होत्या. आरती झाली, लगेच दोघातिघांनी तीर्थ घेतलं, सुंदलाच्या वाट्या फिरू लागल्या, तेवढ्यात पेटीजवळ चालूच राहिलेल्या फोनमधून हाक आली. मामांनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला. अक्का विचारत होती. "सुंदरा, मी अजून आरती धरून उभी आहे. आणि तुमी खाऊंलालांत?"

तिच्या पडद्यावर आरती अजून चालू होती. आमच्याकडचं चित्र तिच्यापर्यंत पोचायला अर्धं मिनिट लागत होतं आणि फोनवर वाट्यांचा आवाज तिला आधीच ऐकू आला होता. माणसं हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी हातातली वाटी तशीच खाली ठेवली. आपल्याच घराचा नियम आपण मोडला, आणि तोही अक्काच्या बाबतीत, हे त्यांना फार लागलं.

मग ते त्या अर्ध्या मिनिटाच्या मागे लागले. मी त्यांना समजावलं, मामा, वरच्या टाकीत थोडं पाणी साठल्याशिवाय आपण नळ सोडत नाही ना? तसं तिकडचा कॉम्प्युटर थोडं चित्र आधी साठवतो, मग दाखवतो. साठा कमी केला की चित्र अडकतं. मामांनी तरी कमी करून बघितला. अक्काला अर्धा अभंग ऐकू आला, मग नुसतंच गोल फिरणारं चक्र. वाढवला, तर उशीर वाढला. सॉफ्टवेअर बदललं, लाइन बदलली, सगळी बटणं उलटीसुलटी करून झाली. मी म्हटलं, हे नाही जायचं. "सेरी," मामा म्हणाले. इतक्या सहज मान्य केलं म्हणून मी चकितच झाले.

पुढच्या शनिवारी आरती संपली, माणसं तीर्थाला पुढे सरकली, तर मामा तीर्थाच्या भांड्यासमोर आडवे उभे. "राहा. मागले येऊंलालेत." कुणाला काही कळेना. मामांचं लक्ष कॉम्प्युटरवर होतं. अक्काच्या घरी दिसत होतं तेच चित्र त्यांनी इकडे दुसऱ्या खिडकीत लावलं होतं. त्यातली आरती संपली, फोनवर अक्का म्हणाली, "झालं रे," आणि मामा बाजूला झाले. यंत्र ऐकत नाही तर माणसांना थांबवू, असा त्यांचा सरळ हिशेब.

माणसं कुरकुरली. कुणाचे गुडघे दुखत, कुणाची बस चुके. सगळ्यात जास्त रघुकाका, मामांचे धाकटे भाऊ. "अण्णा, रेकॉर्ड करून पाठीव. ज्याला पाहिजे तो सवडीनं बघेल. तिकडे बघणारे मूठभर पण नाहीत. आपल्या पोरांना ही भाषा येत नाही, कुणासाठी हा खटाटोप?" मामा म्हणाले, "भजन बघायला नसतं रे, यायला असतं. एक जण जरी मागून येत असला तरी मी थांबणार. तुला घाई असेल तर तू जा." रघुकाका कधी गेले नाहीत. पण दर शनिवारी तेच बोलले.

मामांचं तेरावं झालं आणि रघुकाकांनी जाहीर केलं, भजन चालू राहील, कॅमेरा नाही. मी भांडले. परक्या घरात, दुखवट्याच्या दिवसांत, मोठ्या माणसाशी भांडू नये हे मला कळतं, तरी भांडले. ते वाईट माणूस नव्हेत. कॅमेऱ्यामागची रिकामी खुर्ची त्यांना बघवत नव्हती, हे मला नंतर कळलं. त्या शनिवारी कॅमेऱ्यावर पंचा टाकलेला होता. पहिला अभंग कुणीच म्हटला नाही, दुसऱ्यापासून सुरुवात झाली. आरती संपली. रघुकाकांनी तीर्थाची पळी उचलली.

कुणी पुढे आलं नाही.

गुडघे दुखणारे उभे, बस चुकणारे उभे. कॉम्प्युटर बंद होता, मागून कुणी येत नव्हतं, तरी सगळे हात जोडून तसेच उभे... रघुकाका पळी धरून एकेकाकडे बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या, "राहा, रघू. मागले येऊंलालेत."

रघुकाकांनी पळी भांड्यात ठेवली. कॅमेऱ्यावरचा पंचा काढला, त्याच पंच्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे चालू कसं करतात?"

आता दर शनिवारी ते चालू असतं. चित्र अजून काळपट आहे आणि झांज स्वच्छ आहे. बघणारे आजही मूठभरच. रेकॉर्ड करून पाठवा, असं सांगणारे वाढलेत, आता तर ते मलाही सांगतात. त्यांनी खुशाल सांगावं, बसची वेळ झाली असेल तर खुशाल निघावं. अक्का तिकडे आरती धरून उभी आहे. तिचं होईपर्यंत आमच्या घरात कुणी तीर्थ घेणार नाही.