फक्त मंगळवार व शुक्रवार

तरुणपणी माझ्या अक्षराचं सगळे कौतुक करायचे. ते अक्षर मला या उन्हाळ्यात पुन्हा भेटलं आणि तोंड जे कडू झालं, ते अजून तसंच आहे.

नात अमेरिकेत नोकरी करते. तिथे परक्या माणसाला नोकरीचा व्हिसा हवा तर आधी सोडत निघते. नाव निघालं की कंपनीच्या वकिलाने ठरलेल्या मुदतीत सगळे कागद जोडून अर्ज दाखल करायचा. मुदत हुकली तर निघालेल्या नावाचा उपयोग शून्य, सामान आवरून घरी. नातीचं नाव निघालं, आम्ही पेढे वाटले. आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात वकिलाच्या लक्षात आलं, की नाशिकच्या कॉलेजच्या गुणपत्रकांची शिक्क्याची प्रत जोडलेलीच नाही.

"आजी, गुरुवारी स्कॅन माझ्याकडे हवं," नात मंगळवारी संध्याकाळी फोनवर म्हणाली. "शुक्रवारी अर्ज गेला नाही तर संपलं." आवाज रडका नव्हता. रडून झालेला होता.

"तुझ्या आजीने त्याच ऑफिसात जन्म काढलाय," मी म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

बुधवारी सकाळी तिचं अधिकारपत्र घेऊन मी खिडकीशी उभी. गजाला सुतळीने बांधलेला एक जुना पुठ्ठा, सेलोटेप पिवळी पडलेली. 'दाखले व गुणपत्रकांच्या प्रती फक्त मंगळवार व शुक्रवार.' प्रत्येक 'र'ला शेपटी. ती शेपटी मी काढायचे. त्या वेळी मला ती फार डौलदार वाटायची.

आतला कारकून माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने कागदाकडे न बघताच पुठ्ठ्याकडे बोट केलं.

"शुक्रवारी या, आजी."

"शुक्रवारी उशीर होईल रे. पोरीची नोकरी जाईल."

"नियम आहे."

"हा नियम मी केलाय, बाबा. हे अक्षर माझं आहे."

तो हसला. "इथे येणारे सगळे कुणी ना कुणी असतात, आजी. पूर्वी एक बाई होत्या म्हणे, फार कडक. त्यांनी घालून दिलेली शिस्त आहे ही. साहेब बदलले, पण तिला कुणी हात लावला नाही."

मला शिसारी आली. त्याची नाही. त्या कडक बाईची.

कारण तिची शिस्त मला ठाऊक आहे. सोमवारी तिला कामाचा कंटाळा असायचा. बुधवारी गोदाकाठचा बाजार, तेव्हा बाई जेवणाच्या सुट्टीत जायच्या त्या चहाच्या वेळेला पिशवी घेऊन उगवायच्या. गुरुवारी तीच मेथी टेबलाखाली परातीत निवडायची. शनिवारी अर्धा दिवस, तो पदर सारखा करण्यात जायचा. उरले मंगळवार आणि शुक्रवार. बाईंनी पुठ्ठा कापला, शेपट्या काढल्या, साहेबांची सही घेतली. साहेब म्हणाले, "वा, कामात पद्धत हवी." बाई त्या दिवशी आरशात दोनदा बघून आल्या. गाढव कुठली.

कारकून चहाला उठला. मी तिथेच बाकावर टेकले, आणि जो माणूस मी इतकी वर्षं आठवू दिला नव्हता, तो आठवला.

हरसूलहून आला होता. पहिल्या एसटीने, अंगात धुतलेला सदरा, हातात मुलीच्या दाखल्याची पावती. तिला दवाखान्यात नोकरीचा अर्ज करायचा होता.

"बाई, परवा शेवटची तारीख हाय. लय लांबून आलोय."

गुरुवार होता. माझ्या नखांत मेथीची माती होती. मी मान वर केली नाही. पेनने पुठ्ठा दाखवला. "वाचता येतं ना? उद्या या."

"उद्या गाडीभाड्याचं..." एवढं म्हणून तो थांबला. मग पावती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं, बाई." त्यात राग नव्हता, म्हणून तर मला तेव्हा काही टोचलं नाही. दाखला तयार होता. माझ्या डाव्या हाताच्या खणात, वरून तिसरा. शुक्रवारी तो आला नाही. नंतरही नाही. मी त्या शुक्रवारी घरी मेथीचे ठेपले नेले होते, सगळ्यांनी वाखाणले.

खिडकीपाशी अर्ज भरायला दोरी बांधून ठेवलेलं पेन होतं. मी उठले. आजूबाजूला कुणी नव्हतं. हात थोडा कापतो आता, पण शेपटी विसरलेला नाही. 'शुक्रवार'च्या खाली, त्याच वळणाचं, लिहिलं: 'मुदतीचे काम असेल त्यांस रोज.' सेलोटेपवर शाई फिसकटली, ते बरंच झालं. जुनं दिसायला लागलं.

कारकून आला. मी चष्मा पुसत म्हटलं, "बाबा, खालची ओळ वाच बरं. मला नीट दिसत नाही."

त्याने वाचली. मान वाकडी करून पुन्हा वाचली.

"ही आधी होती?"

"त्या बाईंचंच अक्षर आहे ना?"

"अक्षर तर तेच आहे," तो म्हणाला, आणि माझ्या हातातलं अधिकारपत्र घेतलं.

प्रत काढायला, शिक्का मारायला आणि सही आणायला त्याला पाव तासही लागला नाही. मी घड्याळात बघत होते. पाव तास. एवढ्यासाठी ती बाई माणसांना हरसूलला परत पाठवायची.

निघताना खिडकीतून आतल्या खालच्या कपाटाकडे नजर गेली. न नेलेल्या दाखल्यांचे गठ्ठे तिथेच असायचे. विचारावं असं वाटलं. विचारलं नाही.

अर्ज शुक्रवारी गेला, मुदतीत. नातीचा फोन आला, आता खरंच रडत होती.

"आजी, एका दिवसात कसं गं मिळवलंस?"

"ओळख होती."

"कुणाची?"

"होती एक बाई तिथे," मी म्हटलं. "अक्षर सुंदर. बाकी नालायक."