तोंडी सल्ला

युरोपच्या स्पर्धा कायद्यात एक मेख आहे. कंपनीने आपल्या वकिलाशी केलेला पत्रव्यवहार तपास अधिकाऱ्यांना वाचता येत नाही. पण त्या वकिलाकडे युरोपीय संघातल्या एखाद्या देशाची सनद हवी. माझ्याकडे भारताची सनद आहे आणि इंग्लंडचीही. दोन्ही स्वतःच्या पैशाने मिळवल्या. दुसरी हातात पडली आणि ब्रिटन संघातून बाहेर पडलं. तेव्हापासून मी लिहिलेला सल्ला त्यांच्या दृष्टीने वकिलाचा नव्हेच. छाप्यात सापडला, तर तो माझ्याच अशिलाविरुद्ध वापरता येतो.

डेटा संरक्षणाच्या फायली मी स्वतः लिहिते, तिथे छाप्याची धास्ती कमी. लोकांचे फोन नंबर विनाकारण साठवू नका, असं कंपन्यांना दिवसभर बजावते आणि इथे आखातात, अल बर्शाला, घरी पोचते, तर इमारतीचा वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आयडीचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढत असतो. त्याच्याशी भांडून झालं आहे. पण स्पर्धा कायद्याच्या कामात मी कित्येक वर्षं तोंडी वकील आहे. मी बोलते, शेजारच्या केबिनमधला बेल्जियन तरुण लिहितो आणि सही करतो. मुलगा चांगला आहे. अडला की अजूनही माझ्या दाराशी येऊन उभा राहतो. माझा राग त्याच्यावर नाही.

राग साहेबांवर आहे. साहेब इंग्रज. ब्रेक्झिटने त्यांनाही माझ्याच रांगेत आणून उभं केलं होतं. त्यांनी झटपट आयर्लंडची सनद घेतली. फी फर्मने भरली, ऑफिसात केक कापला. मी केक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचं काम नुसत्या अर्जावर झालं होतं; माझी इंग्लंडची सनद परदेशी वकिलांसाठीच्या वाटेने मिळालेली, म्हणून मला परीक्षा द्यावी लागणार होती. तेवढ्यासाठी सुट्टी आणि फी मागितली.

"नेक्स्ट इयर, इन्शाल्ला," साहेब म्हणाले.

या देशात इतकी वर्षं काढल्यावर इन्शाल्लाचे प्रकार मला कळतात. हा नकाराचा होता. पुढच्या वर्षीही तोच मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षीही.

माझी आई बोहारीण होती. इचलकरंजीत दारोदार फिरून जुने कपडे घ्यायची आणि स्टीलची भांडी द्यायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर. तिची रीत ठरलेली होती. भांडं आधी समोरच्या बाईच्या हातात द्यायचं. ती ते उलटंपालटं करते, टिचकी मारून बघते, मनातल्या मनात फळीवर मांडूनही टाकते. मग आणखी एक साडी मागायची. नाही म्हणाली, की भांडं परत घेऊन उठायचं. खरोखर उठायचं, उठण्याचं नाटक केलं तर ते लगेच ओळखू येतं.

यंदा मूळचे कोल्हापूरचे एक अशील आले. त्यांचा इथे जेबेल अली बंदराजवळ नळ आणि शॉवरचा कारखाना आहे, रॉटरडॅमला विक्रीचं ऑफिस. तिथल्या मॅनेजरने युरोपातल्या दुकानदारांना व्हॉट्सॲपवर दटावलं होतं, अमुक किमतीच्या खाली माल विकायचा नाही म्हणून. तिकडे याला जबर दंड आहे. एका दुकानदाराने तक्रार केली आणि अधिकाऱ्यांची प्रश्नावली येऊन थडकली.

मी त्यांना सगळं नीट समजावलं. मेसेज पुसायचे नाहीत. मॅनेजरला झापायचं तर समोर बसवून झापा, लेखी नको. आपणहून कबूल केलं तर दंड कमी होऊ शकतो, पण कबुली अर्धवट असून चालणार नाही.

"वकीलबाई, हे सगळं मेल करा की," ते म्हणाले. "पोरालाबी दाखवतो."

"मी नाही करणार. हे बेल्जियन साहेब करतील."

"हे कोपऱ्यातलं पोरगं? यानं तर तोंडबी उघडलं नाही!"

"त्याचं लिहिलेलं सुरक्षित आहे. माझं लिहिलेलं रॉटरडॅमला सापडलं, तर तुमच्याच गळ्याशी येईल."

"म्हणजे अक्कल तुमची आणि शिक्का ह्याचा?"

"तसंच."

"काय ओ हे! माझ्या कारखान्यात असं केलं असतं, तर फोरमननं पाना फेकून मारला असता." मग जरा पुढे झुकून म्हणाले, "तुमचा शिक्का कधी यायचा?"

"ते आमच्या साहेबांना विचारा."

भांडं त्यांच्या हातात पडलं होतं. त्यांनी विचारलंही, त्याच दुपारी, माझ्या साहेबांना फोन करून. संध्याकाळी मला बोलावणं आलं.

"क्लायंटला तूच हवी आहेस," साहेब म्हणाले. "ठीक आहे. फी फर्म भरेल. मात्र पाच वर्षं नोकरी सोडणार नाहीस, असं लिहून दे."

"तुम्ही किती वर्षांचं लिहून दिलं होतं?"

"मी पार्टनर आहे."

"तुम्ही पार्टनर आहात. सल्ला मी देते!" केबिन काचेची आहे, रिसेप्शनवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं.

"तीन वर्षं," साहेब म्हणाले. "आणि सुट्टी निम्मी."

मी खुर्ची मागे सारली आणि उठले. राजीनामा लिहून आणला नव्हता, पण दाराबाहेर पडले असते तर लिहिला असता. माझा हात दाराच्या मुठीवर होता तेव्हा साहेब म्हणाले, "वेट."

मी उभ्यानेच सांगितलं. "फी तुमची नको, मी भरते. सुट्टी पूर्ण आणि पगारी. सनद मिळाली की नळवाल्यांची फाइल माझ्या सहीने. बंधन कसलंही नाही."

फी त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट होती. ती देऊन त्यांना माझी वर्षं हवी होती. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"हे मात्र लेखी द्या," मी म्हटलं.

मेल येईपर्यंत मी ऑफिसातून हलले नाही.

आता जेवणं आटोपली की त्याच टेबलावर मी आयरिश जमीन कायदा घोकते. मुलगी तिचा अभ्यास घेऊन समोर बसते. परवा तिने विचारलं, "आई, व्हॉट इफ यू फेल?"

"परत बसेन."

"अँड देन?"

"परत."

तिने खांदे उडवले आणि माझा हायलायटर पळवला.

प्रश्नावलीची मुदत परीक्षेच्या आधी संपत होती. त्यामुळे ते उत्तरही बेल्जियन मुलाच्याच सहीने गेलं, शब्द न् शब्द माझा असून. शेवटच्या पानावर सही केल्यावर त्याने थट्टेने पेन माझ्यापुढे धरलं.

"सांभाळून ठेव," मी त्याला म्हटलं. "मागायला येणार आहे."