बाबांनी शिवलेलं जीन

आमच्या भाईंदरच्या घरात पलंगाखाली घोड्याचं जीन होतं. वन बीएचकेत घोडा कुठून येणार, तेव्हा नुसतंच जीन. शाळेत मैत्रिणींना सांगितलं की त्या विचारायच्या, "कुठल्या कंपनीची?" पँट नव्हे गं बायांनो, घोड्याच्या पाठीवर घालतात ते, हे सांगून सांगून शेवटी मी सांगणंच सोडलं.

आजोबांपर्यंत आमच्या घराण्याचा धंदाच जीन शिवायचा. हे शेवटचं बाबांनी विशीत असताना गावी, आजोबांच्या हाताखाली शिवलं. ज्याच्यासाठी शिवलं त्या गृहस्थानं जीन तयार होईतो जीप घेतली. पुढे बाबा मुंबईला आले, ऑफिसात चिकटले, लालबागच्या खोलीतून भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आले, आणि जीन त्यांच्याबरोबर आलं. आई त्याला खोगीर म्हणायची, आणि तेही फरशी पुसताना हात अडला की. "ते खोगीर हलवा हो जरा, इथे माणसांना झोपायला जागा नाही." दादा इलेक्ट्रिकची कामं घेतो. त्याच्या लेखी सॅडल म्हणजे भिंतीवर पाइप धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी, हार्डवेअरच्या दुकानात डझनानं मिळणारी.

बाबांना मात्र माणूस ज्यावर बसून कुठेतरी जातो ते सगळं जीनच. सायकलची सीट जीन, स्कूटरचीही जीन. रविवारी ते हौसेनं ओळखीपाळखीच्यांच्या गाड्यांच्या सीटा शिवून द्यायचे. उत्तनचे एक मासेवाले काका दर पावसाळ्यानंतर गाडी घेऊन हजर. "शीट परत फाटली हाय बगा. टोपल्या ठेवून काय ऱ्हायलंच न्हाय." बाबा म्हणायचे, "अहो, जिनावर माणूस बसवायचा, टोपली नाही," आणि शिवून द्यायचे. त्यांचा राग एकाच शब्दावर होता. टीव्हीवर कुणी "समितीत सगळी खोगीरभरती आहे" असं म्हणालं की बाबा खुर्चीतून ओरडायचे, "भरती काढून घोड्यावर बसून दाखव एकदा! पाठ सोलून निघेल बिचाऱ्याची." निवेदकाला अर्थातच काही ऐकू जायचं नाही. आम्हाला जायचं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर चामड्याला भोकं पाडायची आरी, सुया आणि मधोमध जीन. त्याआधीच्या रविवारी बाबा जीन गच्चीवर न्यायचे, खालची एक शिवण उसवून आतली लोकर बाहेर काढायचे, उन्हात टाकायचे, बोटांनी पिंजून पुन्हा भरायचे. मग शिवण. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर निघायच्या. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते. त्यांनी आधी दादाला बोलावून पाहिलं, पण तो क्रिकेटला पसार. सहावीत असताना दुसरी सुई माझ्या हातात आली, आणि पुढे दरवर्षी माझ्याकडेच राहिली. माझे पहिले टाके वाकडे पडले. मी उसवायला लागले तर बाबा म्हणाले, "राहू दे. ते तुझं अक्षर." पुढे दरवर्षी शिवण उसवताना तेवढे टाके त्यांनी शेवटपर्यंत तसेच ठेवले. घरातल्या कुणी त्या जिनावर बसायचं नाही, असाही त्यांचा दंडक होता. आपण शिवलेलं गिऱ्हाइकाचं, आपलं नव्हे.

लग्नानंतर मी मीरा रोडला राहते, म्हणजे रिक्षानं भाईंदरच्या घरी पोचायला सिग्नल लागला तरच वेळ लागतो. खंडेनवमी कधी चुकवली नाही. बाबांच्या शेवटच्या खंडेनवमीला आरती झाल्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्यामागे जीन हिच्याकडे जाईल. हिला शिवता येतं." आई पाटावर फुलं वाहत होती. दादा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे की."

बाबा गेले. दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाली, "वर्ष होईपर्यंत त्यांची कुठलीच वस्तू घराबाहेर जायला नको." आमच्यात तसं पाळतात. मी मान डोलावली.

वर्षश्राद्धाला गेले तर पलंगाखाली जीन नव्हतं. दादा म्हणाला, "अगं, चामडं तडकलं होतं. गावाला काकांकडे पाठवलंय, तेल लावून नीट करून देतायत." म्हटलं, बरं झालं, बाबांचे भाऊच ते, आजोबांच्या हाताखाली त्यांनीही चामडं हाताळलेलं. त्या खंडेनवमीला पाटावर नुसती आरी आणि सुया. पुढच्या वर्षीही तेच. "येईल गं. काका म्हातारे झालेत, हळूहळू करतायत." जीन ठेवायला मी माझ्या घरी हॉलमध्ये खिडकीखालची जागा रिकामी करून ठेवली होती. नवरा तिथं शू रॅक ठेवू म्हणाला तर मी त्याच्यावर खेकसले होते.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीची हळद होती, चेणे गावाच्या पुढे घोडबंदर रोडला एका हॉटेलात. गावासारखं सजवलेलं असतं तसलं, भिंतीला बैलगाडीचं चाक, कंदील, सुपं. दाराशी लाकडी घोडीवर जीन ठेवलेलं आणि वर 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी. पिवळ्या साड्यांतल्या मुली एकेक करून त्यावर बसत होत्या. मी हसत हसत जवळ गेले, बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं असं मनात आलं, आणि हात आपोआप खालच्या शिवणीकडे गेला. टाके वाकडे होते.

दाबून पाहिलं. आत लोकर नव्हती. लाकडावर चामडं ताणून खिळे मारले होते. "मॅडम, बैठिए ना, मैं फोटो निकालता हूँ," वेटर अगत्यानं म्हणाला. मी विचारलं, "ये कहाँ से लाया?" तो म्हणाला, "सेठ के दोस्त ने दिया. यहाँ का पूरा लाइट का काम उन्होंने ही किया है."

हळद तशीच टाकून मी सरळ भाईंदरला गेले. दादा सोफ्यावर, आई दारापाशी मेथी निवडत. मी चपला काढायच्या आधीच ओरडले, "काकांकडे ना? तेल लावतायत ना?" दादानं आधी आईकडे पाहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी त्याच्यावर तुटून पडले होते. खोटारडा म्हणाले, बाबांची लाज सोडली म्हणाले. विकलंसुद्धा नाही, देऊन टाकलं! दोन वर्षं माझ्या तोंडावर काकांची तब्येत सांगत होतास! तो म्हणाला, "मला का बोलतेस? आईला विचार."

आई मेथी निवडतच होती. "मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "घराण्याची वस्तू परक्या घरी जात नसते."

"आई, मीरा रोड!"

"मीरा रोड असो नाहीतर अमेरिका. लेकीबरोबर गेली की गेली."

"आणि हॉटेलात गेली ते चाललं?"

"हॉटेल परकंच आहे. ते उद्या म्हणणार नाही, आमच्या घराण्याचं म्हणून."

मला हसू आलं, तसलं, ज्याच्या मागोमाग रडू येतं. मी म्हटलं, "बाबा सगळ्यांदेखत बोलले होते. तू तिथेच होतीस. ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं, म्हणूनच तर," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं वर पाहिलं. "वर्ष संपल्यावर तू मागितलं असतंस. समोर असतं तर मला तुला नाही म्हणवलं नसतं. म्हणून आधीच हलवलं."

म्हणजे वर्षभर थांब म्हणाली ती यासाठी. मी रीत म्हणून थांबले, आणि तिला तेवढा वेळ हवा होता. दादावरचा राग एका क्षणात उतरला, तो काय, सांगितलेलं करणारा. पण आईवर धरायला माझ्याकडे राग कमी पडायला लागला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तिच्या आवाजात कुठेच कपट नव्हतं. माझ्यावर तिची माया आहे, हे ती पटवून देत होती, आणि ते खरंही होतं. मला तोंडावर नाही म्हणणं तिला जड गेलं असतं. दोन वर्षं फसवणं गेलं नाही.

मी निघाले. तिनं मेथीची जुडी पिशवीत घालून हातात दिली, मी ती कट्ट्यावर ठेवली. जिना उतरताना वरून तिचा नेहमीचा आवाज आला, "पोचलीस की फोन कर गं." परक्या घरी गेलेल्या लेकीला सांगतात तसा. मी पोचले, आणि फोन केला नाही.