बिननावाचा भाग

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा पाटीवर लिहून बोलतात. स्वरयंत्रच काढावं लागलं. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी मी त्यांचं वेदपठण कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवलं. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात त्यांनी जन्मभर मुलांना संथा दिली. निदान आवाज तरी मागे उरावा, एवढंच मनात होतं. दुसरी प्रत काढायची राहून गेली. दवाखाना, कॉलेज, पेपर तपासणं यात राहूनच जातं. का राहिली, असं कृपा करून कोणी विचारू नका. मी स्वतःला पुष्कळ विचारून झालं आहे.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात. कॉलेजचं काम विंडोजवर, रेकॉर्डिंग लिनक्सवर. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोघांची यादी येते, हवं ते निवडायचं. एका रविवारी विंडोज जागा संपली म्हणून कुरकुरायला लागलं. मी डिस्कचे भाग उघडून पाहिले. लिनक्सचे भाग विंडोजला ओळखू येत नाहीत, ते नुसते बिननावाचे दिसतात. त्यातला एक मला जुना, रिकामा वाटला. झोप झालेली नव्हती, वैतागलो होतो. उडवला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तर यादी आलीच नाही. असा भागच सापडत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आणि खाली लुकलुकणारी रेघ. ना विंडोज, ना लिनक्स. मी नक्की कोणता भाग उडवला होता?

बाबा शेजारीच लाकडी तख्तावर बसले होते. त्यांना काही सांगितलं नाही. आई डोकावली.

"इतका परेशान का दिसतोस?"

"काही नाही, मशीन अटकली आहे."

"मग सोड ना थोडा वेळ. तुझं तर रोजचंच आहे. चहा पिऊन घे."

चहा तसाच गार झाला. मी फोनवर उपाय शोधत बसलो. सल्ला देणारे ढीगभर, आणि निम्म्यांचं म्हणणं एकच: सगळं पुसून नव्यानं टाका. त्यांच्या बापाचं काय जातंय! शेवटी एकानं समजेल असं लिहिलेलं सापडलं. ती यादी दाखवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, आपलं बाकीचं सामान लिनक्सच्या भागात ठेवतो आणि त्या भागाचा क्रमांक लक्षात ठेवतो. आमच्यासारख्या जुन्या डिस्कवर मधला एक भाग उडाला की पुढच्यांचे क्रमांक सरकतात, आणि तो जुन्या नंबरच्या दारावरून परत येतो. म्हणजे लिनक्स शाबूत असू शकतं. असू शकतं, एवढंच.

त्या लुकलुकणाऱ्या रेघेपुढे एक आज्ञा टाइप केली की भागांचे क्रमांक दिसतात. मग एकेक उघडून पाहायचा. पहिला बूटलोडरला ओळखता येईना. दुसराही नाही. तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. चिडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. तिसऱ्यात मात्र माझ्या ओळखीची फोल्डरं दिसली. त्याचा नवा क्रमांक बूटलोडरला सांगितला, आणखी दोन-तीन आज्ञा दिल्या, आणि लिनक्स उघडलं. हे तेवढ्यापुरतंच असतं, म्हणून बूटलोडर डिस्कवर नव्यानं बसवला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. यादी आली. आनंद वगैरे काही झाला नाही. पाठ दुखत होती, नुसतं आडवं व्हावंसं वाटत होतं.

तरी खात्री करायला हळू आवाजात एक फाइल लावली. बाबांचा आवाज आला आणि माझे डोळे भरले.

बाबांचा उजवा हात आपोआप उठला. त्यांच्या वेदशाखेत स्वर हातानं दाखवतात, स्वराप्रमाणे हात वर-खाली जातो. हात आवाजाबरोबर चालला होता. एका जागी आवाज खाली आला आणि हात वरच राहिला. त्यांनी मला थांबवायला लावलं, पाटी ओढली आणि लिहिलं, "चूक आहे. पुसून टाक."

"बाबा, सकाळपासून याच्यासाठीच मरतोय मी!"

त्यांनी 'पुसून टाक'खाली रेघ मारली. आपल्यामागे चुकीचा स्वर राहावा, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"मला नाही ऐकू येत चूक," मी म्हणालो.

त्यांनी खूण केली, मोठ्यानं लाव.

मी आवाज पूर्ण वाढवला. ती जागा आली, गेली. लगेच पुढे पठण तुटलं, आणि स्पीकरमधून बाबा ओरडले, "अगं, दूध बघ, उतू चाललंय!"

"बघते हो!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. धावल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं.

थोड्या वेळानं ती दारात आली. हातात सांडशी तशीच होती.

"गॅसवर तर काहीच नाही," ती म्हणाली, आणि बाबांकडे बघत उभी राहिली.

बाबांनी तळव्यानं पाटी पुसली. मग माझ्याकडे पाहून बोट फिरवलं, परत लाव.