देवाच्या वाट्याचे थेंब

देगलूरला आमच्या शेजारी राहणारे निवृत्त गुरुजी पिण्याआधी ग्लासात बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर शिंपडतात. देशी असो की विदेशी, देवाचा वाटा आधी. दारू नेहमी माझी असते, पुण्य मात्र त्यांचं.

परवा मेहुण्याने पुण्याहून जांभळं घालून लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली बियर आणली. गुरुजींनी थेंब शिंपडले, घोट घेतला आणि डोळेच मिटले. कान लालबुंद झाले. मी घाबरलो.

"गुरुजी, बरं हाय ना?"

"थांब की जरा. चव घेऊन राहिलो."

दुसऱ्या ग्लासात बोट बुडालं, हात जमिनीकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. गुरुजींनी बोट सावकाश चाटलं.

"देवाला झेपायची न्हाई," ते म्हणाले. "लई कडक हाय."